दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यात
(द्वितीय वर्ष, कला)

व्यक्ती तितक्या प्रकृती, असे म्हणून आपण आवडीनिवडीचा विषय मिटवून टाकतो. पण दोन प्रकृतींनी एकाच बाकावर बसून एकच गोष्ट शेवटपर्यंत पाहायची ठरवली तर काय होते, याचा विचार फारसा कुणी करीत नाही. मी तो गेल्या वर्षभरात केला. केला म्हणण्यापेक्षा माझ्यावर तो करण्याची पाळी आली, असे म्हणणे अधिक खरे होईल.

कॉलेजच्या आवारात एक प्रश्न फार फिरतो. “हे पाहिलं नाहीस? मग आयुष्यात पाहिलंस तरी काय?” हा प्रश्न कधी एखाद्या चित्रपटाविषयी असतो, कधी एखाद्या सामन्याविषयी. विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, पण ज्याला विचारले तो उगाचच अर्धा वीत लहान होतो. आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिलीच. त्यामुळे मी न पाहिलेल्या गोष्टींची यादी करायला बसले तर दोनशे पानी वही पुरायची नाही. अशा वेळी दोन उपाय रूढ आहेत. पाहिल्यासारखी मान डोलवावी, किंवा “त्यात काय विशेष?” म्हणून न पाहताच नाक मुरडावे. मी तिसरा उपाय शोधून काढला. “नाही पाहिलं. तू दाखव.” मात्र त्यासाठी मी तीन अटी घातल्या. पाहायचे ते त्या भक्ताच्या शेजारी बसून, पाहायचे ते पूर्ण, आणि नंतर खोटे बोलायचे नाही.

पहिला मान वसतिगृहातल्या माझ्या खोलीच्या भागीदारणीचा. ती कसोटी क्रिकेटची निस्सीम उपासक. “पाच दिवस?” मी घाबरून विचारले. “आमच्याकडे लग्नसुद्धा दोन दिवसांत उरकतं!” ती शांतपणे म्हणाली, “कसोटी पाहायची नसते गं. कसोटीबरोबर राहायचं असतं.” तेव्हा ३१ जुलै २०२५ पासून मी लंडनच्या ओव्हल मैदानावर राहायला गेले. म्हणजे तिच्या मोबाईलच्या वीतभर काचेत.

पहिले दोन दिवस मला झोप आली, हे अट क्रमांक तीननुसार नमूद करते. चौथ्या दिवशी इंग्लंडचा संघ ३७४ धावांच्या मागे निघाला असताना हॅरी ब्रुकने एक चेंडू उंच मारला. सीमेवर सिराजने तो झेलला आणि त्याच क्षणी त्याचा पाय दोरीला लागला. बाद व्हायचा तो ब्रुक वाचला आणि वर सहा धावा. त्या वेळी ब्रुकच्या नावावर होत्या १९. पुढे त्याने १११ केल्या. माझी मैत्रीण तोंडावर उशी घेऊन पडून राहिली. मी तिला चहा आणून दिला. एखाद्याच्या घरी वाईट बातमी आल्यावर जसा देतात, तसा.

पाचव्या दिवशी सामना आपल्या दुपारी साडेतीनला सुरू झाला. इंग्लंडला हव्या होत्या ३५ धावा आणि त्यांचे चार गडी शिल्लक होते. एकेक गडी पडत गेला आणि शेवटी क्रिस वोक्स मैदानात आला. पहिल्याच दिवशी त्याचा खांदा निखळला होता. डावा हात स्वेटरच्या आत झोळीत बांधलेला आणि उजव्या हातात बॅट. पाच दिवस इंग्लंडच्या नावाने बोटे मोडणारी माझी मैत्रीण पलंगावरून उठून उभी राहिली. मी विचारले, “अगं, आपल्याला जिंकायचंय ना?” “जिंकायचंय की. पण तो आला ना!” एवढेच ती म्हणाली. थोड्या वेळाने सिराजने ॲटकिन्सनची दांडी उडवली आणि भारत सहा धावांनी जिंकला. मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. निसटलेल्या झेलाच्या धावाही सहा आणि विजयाचे अंतरही सहा, हे तिने मला रात्री अंधारात सांगितले. पण मी लक्षात ठेवले आहे ते तिचे उभे राहणे. प्रतिस्पर्ध्यासाठी उभे राहता येते, ही गोष्ट ती पाच दिवसांच्या खेळाकडून शिकली असावी. अर्ध्या तासाच्या ‘ठळक क्षणचित्रां’त ती सापडली नसती.

दुसरा देव्हारा बुद्धिबळाचा. आमच्या वर्गातला एक अबोल मुलगा ग्रंथालयाच्या कोपऱ्यात पट मांडून बसतो. त्याने मला दाखवायला निवडला तो सिंगापूरचा १२ डिसेंबर २०२४ चा डाव. जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा, म्हणजे शेवटचा. डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांचे गुण तोवर समसमान होते. गुकेश तेव्हा अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्यात बसला असता तर प्रथम वर्षाचा विद्यार्थी! डाव बरोबरीत सुटणार अशी चिन्हे होती. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती हलवला. हे सांगताना त्या मुलाचा आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा खाली आला. “इथे,” तो म्हणाला आणि हत्तीवर बोट ठेवून थांबला.

मी हत्तीकडे पाहिले. हत्तीने माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघांनाही काही सुचेना. मग त्याने समजावले. आता हत्तीला हत्ती जाणार, उंटाला उंट जाणार, मागे उरणार राजे आणि प्यादी, आणि त्या हिशेबात काळ्याचे एक प्यादे जास्त. तिसऱ्या खेपेला मला हिशेब समजला. अंगावर काटा मात्र आला नाही. तसे मी त्याला सांगितलेही. त्याला राग आला नाही. तो म्हणाला, “बरं, डाव राहू दे. पुढचं ऐक. जिंकल्यावर गुकेश रडत होता आणि रडता रडता त्याने सगळ्या सोंगट्या पुन्हा आपापल्या घरात मांडल्या.” एवढे बोलून त्याने आमच्या पटावरच्या सोंगट्या मांडायला घेतल्या. मीही मांडू लागले. राजा, वजीर, उंट, घोडे. इतक्या हळू हातांनी कुणी लाकडाचे तुकडे ठेवताना मी पाहिले नव्हते. बुद्धिबळ मला आजही आवडत नाही. पण त्या टेबलावर कुणाचे दप्तर आपटले तर आता मला खटकते. देवळात जाणारा प्रत्येक जण भक्त झालाच पाहिजे असे नाही. चपला बाहेर काढल्या तरी पुरे.

तिसरा अनुभव थोडा वेगळ्या जातीचा. आमच्याकडे चित्रपट रसिकांचे एक मंडळ आहे. त्यातल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने मला सत्यजित राय यांचा १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’ दाखवायचे मनावर घेतले. काही भक्त आपल्यासाठी दार उघडतात, काही दाराशी उभे राहून तिकीट तपासतात. हे गृहस्थ दुसऱ्या पंथाचे. चित्रपट सुरू होण्यापूर्वीच त्यांनी मला काय काय पाहायचे याची यादी दिली. तळ्याच्या पाण्यात पडलेले मिठाईवाल्याचे प्रतिबिंब, काशाच्या गवतापलीकडून जाणारी आगगाडी, मुलगी गेल्याचे बापाला कळते तेव्हा आईच्या आक्रोशाच्या जागी वाजणारी तारशहनाई. आणि मग संपूर्ण चित्रपटभर ते पडद्याकडे कमी व माझ्या चेहऱ्याकडे अधिक पाहत होते. दर पाच मिनिटांनी “आता बघ!” माणसाला गहिवरून येण्याच्या बेतात असताना “आता गहिवर!” असा हुकूम मिळाला, तर गहिवर बिचारा आल्या पावली परत जातो.

दिवे लागल्यावर त्यांनी विचारले, “काय वाटलं?” मी खरे ते सांगितले. आगगाडी छान आहे, पण माझ्या मनातून दुर्गाची माळ जात नाही. शेजारीण दारात येऊन “तुमच्या मुलीने मण्यांची माळ चोरली” म्हणून ओरडते. ज्या बागेतली फळे दुर्गा पोरकटपणाने उचलते, ती बाग एकेकाळी त्यांचीच होती, कर्जापायी शेजाऱ्यांकडे गेलेली. आई सर्वजया शेजारणीला उत्तर देऊ शकत नाही. ती मुलीला केसांना धरून फरफटत दाराबाहेर काढते. माळ खरोखरच दुर्गाने घेतली होती, हे तिच्या मृत्यूनंतर अपूला कळते आणि तो ती गुपचूप तळ्यात टाकतो. पाण्यावरचे शेवाळ बाजूला होते आणि पुन्हा मिटते.

“ते कथानक झालं,” ते म्हणाले. “सिनेमा म्हणजे प्रतिमा.” मी म्हटले, “असेल. पण दारात आलेल्या शेजारणीपुढे आई आपल्याच पोरीला का मारते, हे ज्याने पाहिलंय त्याला ती प्रतिमा वेगळी दिसते. तो राग मुलीवरचा नसतो. सगळ्या गल्लीला ऐकू जावं म्हणून ती मारत असते.” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी चित्रपट मागे नेला आणि तो प्रसंग पुन्हा लावला. या वेळी मात्र ते पडद्याकडे पाहत होते.

त्या संध्याकाळी वसतिगृहाकडे परतताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आम्ही न पाहिलेल्या गोष्टींची वही भरत बसतो. पण पाहिलेल्या गोष्टींचीही एक वही आपल्याजवळ असते आणि तिच्यातले एखादे पान कुणा जाणकाराजवळ नसू शकते. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात पाहुण्याने रिकाम्या हातांनी जायचे नसते. आणि आपण जातही नाही.

दिवाळीच्या सुटीत गावी गेले तेव्हा विचार केला, इतक्यांचे देव्हारे पाहिले, घरचा राहिलाच की! आमच्या आजीचा आयुष्यातला सर्वांत आवडता चित्रपट ‘संत तुकाराम’. लहानपणी तिने तो जत्रेच्या तंबूत पाहिलेला. प्रभात कंपनीने १९३६ साली काढलेला, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ही माहिती मी आजीला मोठ्या उत्साहाने पुरवली. ती म्हणाली, “असंल. तू आधी लाव.”

मला वाटले होते, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या वेषात दिसताच आजी हात जोडील. तिने जोडले, पण घाईत, उरकल्यासारखे. ती वाट पाहत होती आवलीची. गौरीबाईंनी रंगवलेली ती कजाग, कष्टाळू, पोरांसाठी विठोबाशी भांडायला निघणारी बायको पडद्यावर आली की आजी पुढे सरकून बसे. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो, आवली आणि पोरे अंगावर चांगलेचुंगले घालून आनंदात असतात आणि तुकोबा ते सगळे परत पाठवतात. आजवर मला या प्रसंगात तुकोबांचे वैराग्यच दिसत आले होते. आजीने काचेवर आवलीच्या चेहऱ्याशी बोट नेले आणि म्हणाली, “हिला बघ. देव त्यांचा, पोरं हिची.”

माझे आजोबा वारकरी होते. दरवर्षी ऐन पेरणीच्या तोंडाशी ते दिंडीबरोबर पंढरपूरला निघत. घरात आजही त्यांच्या वारीचे कौतुक सांगितले जाते. त्या दिवसांत पेरणी कोण करीत असे, हे मी कधी विचारले नव्हते आणि कुणी सांगितलेही नव्हते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघाले. आवली मागे राहिली. आजी “हं, गेले,” म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण कौतुकही नव्हते. एकोणीस वर्षे एका घरात राहून जे मला कळले नव्हते, ते तिच्या शेजारी दोन-सव्वादोन तास बसल्यावर कळले.

आता राहिले माझे स्वतःचे दैवत. ते म्हणजे खो-खो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली ज्याला नियमांत बसवले आणि ज्याच्या पहिल्या विश्वचषकाची दोन्ही विजेतेपदे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी व मुलांनी पटकावली, तो हा मातीतला खेळ. एका संध्याकाळी मी वरील तिन्ही भक्तांना मैदानावर बोलावले. कसोटीवाली म्हणाली, “एवढ्यात संपलं?” बुद्धिबळवाल्याला एकाआड एक उलट तोंडे करून बसलेले आठ गडी म्हणजे पटावरच्या सोंगट्या वाटल्या. चित्रपटवाले तिरप्या उन्हात उडणाऱ्या धुळीवर खूष झाले. मला दाखवायचे होते ते निराळेच. पाठीमागून “खो” ऐकू आला की बसलेल्या गड्याने मागे वळून पाहायचे नसते. कुणी दिला, का दिला, हे विचारायचे नसते. ज्या दिशेला तोंड आहे तिकडे झेपावायचे आणि एकदा घेतलेल्या दिशेवरून माघार नाही. पाठीमागच्या आवाजावर इतका विश्वास! तो क्षण आला की मी तिघांच्या चेहऱ्यांकडे पाही. तेव्हा चित्रपटवाल्यांचे कोडे मला उलगडले. आपल्याला जे फार आवडते ते आपण एकट्याने सांभाळत असतो. शेजारच्याच्या चेहऱ्यावर त्याची एखादी खूण उमटली, तर तेवढाच भार हलका होतो.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. “पाहिलं नाहीस?” हा प्रश्न आपण आवारातून हद्दपार करू या. त्याच्या जागी “चल, दाखवते” म्हणू या. आणि समोरच्याने तसे म्हटले तर निःशंक जावे. चपला बाहेर काढाव्यात, शेवटपर्यंत बसावे, खोटा जयजयकार करू नये, आपल्या गाठोड्यातले चार दाणे तिथे ठेवून यावे. तिथला देव आपला होईलच असे नाही. शेजारी बसलेले माणूस मात्र बहुधा आपले होते.