शून्य दिवस गैरहजर

वर्गातल्या प्रत्येक मुलामुलीची एक नोंद ठेवायची आमची सवय जुनी आहे. घर कुठल्या मोहल्ल्यात, अब्बा काय काम करतात, कुणाला चष्मा लागला, कोण किती दिवस शाळेत आले नाही. वीसेक वर्षे हे सारे वह्यांत चालले. मग भाच्याने लॅपटॉपवर टिडलीविकी टाकून दिली. जेरेमी रस्टन यांनी २००४ साली तयार केलेली ही खासगी विकी म्हणजे एकच फाईल. ब्राउझरमध्ये उघडायची, इंटरनेट लागत नाही, पैसेही नाहीत.

तिच्यात प्रत्येक नोंदीला आपल्या मनाप्रमाणे रकाने जोडता येतात. त्यांना फील्ड म्हणतात. आम्ही 'गैरहजर' नावाचे फील्ड केले आणि त्यात दिवसांची संख्या भरू लागलो. मग विकीला सांगायचे, ज्यांची संख्या दहापेक्षा जास्त तेवढीच नावे दाखव. या चाळणीला फिल्टर म्हणतात.

पहिल्यांदा आम्ही नुसता क्रम लावायला सांगितले, मोठ्यापासून लहानाकडे. यादी आली ती अशी: ९, ८, ६, ३, २४, २१, १२. चोवीस दिवस न आलेला मुलगा तीन दिवसवाल्याच्या खाली! भाचा हसला. म्हणाला, "मामू, त्या फील्डमध्ये संख्या नाही, अक्षरे आहेत. शब्दकोशात लावतात तशी लावलीत त्याने." नऊ हे अक्षर दोनच्या पुढचे, मग मागे काहीही असो. साध्या 'सॉर्ट'ऐवजी 'एनसॉर्ट' म्हटले की ते संख्येप्रमाणे लागते. चाळणीसाठी 'कम्पेअर' नावाचा भाग आहे, तोही 'नंबर' म्हणून तुलना करायला सांगायचा. आमची फाईल जुनी होती. कम्पेअर ५.१.२२ या आवृत्तीपासून आले, म्हणून भाच्याने फाईल नवी करून दिली.

आता यादी बरोबर दिसू लागली आणि आम्ही निर्धास्त झालो. खरी चूक इथे झाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या वर्गाला ही चाळणी लावली. पाच नावे आली. दोन संध्याकाळी पाचही घरी जाऊन आलो. एकाचा हात मोडला होता, दोघे वडिलांबरोबर ऊसतोडीला गेले होते, बाकीच्यांची कारणे नेहमीचीच. परत येताना एका गल्लीतून गेलो. तिथे आमच्याच वर्गातल्या एका मुलीचे घर आहे. हुशार मुलगी, गणितात तर पहिली. यादीत तिचे नाव नव्हते, म्हणून दारावरून पुढे गेलो.

तीन आठवड्यांनी ती वर्गात दिसतच नाही हे लक्षात आले. साठ मुलांच्या वर्गात हे इतक्या उशिरा कळावे, याचे उत्तर आमच्याकडे नाही. नोंद उघडली. 'गैरहजर' फील्डमध्ये स्पष्ट लिहिले होते, १८. त्या दिवशी तिच्या घरची माहिती मराठी कीबोर्डवर लिहिली आणि त्याच ओघात आकडाही मराठीत टाकला. बाकी सर्वांचे आकडे इंग्रजी होते. मराठी अंक या विकीला संख्या म्हणून वाचता येत नाहीत, उर्दू अंकही नाहीत. जे वाचता येत नाही ते ती शून्य धरते, आणि तक्रारही करत नाही. आमच्या विकीच्या मते ती मुलगी एकही दिवस चुकली नव्हती.

त्याच संध्याकाळी गेलो. आईला जुळी झाली होती, आजी अंथरुणाला खिळलेली. मुलगी एका बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आईने सलाम घेतला, पाणी दिले आणि म्हणाली, "सर, मागे तुम्ही चार घरे सोडून त्या पोराकडे आलात. ही खिडकीतून बघत होती. म्हणाली, आता सर आपल्याकडे येणार. म्हणून चहाचे आधण ठेवले होते."

आम्ही काय बोलणार? लॅपटॉपची गोष्ट तिथे सांगणे शोभले नसते.

मुलीच्या खालाने सकाळची जबाबदारी घेतली. सोमवारपासून मुलगी येऊ लागली, सध्या दुपारच्या सुट्टीपर्यंतच. तिचा फील्ड आम्ही त्याच रात्री इंग्रजी अंकांत लिहिला. तोवर आकडा एकोणचाळीसवर गेला होता.

आता आणखी दोन चाळण्या करून ठेवल्या आहेत. एकीत, ज्यांची संख्या शून्य भरते पण फील्डमध्ये शून्याचा अंक नाही, अशी नावे येतात. दुसरीत, ज्यांच्या नोंदीत ते फील्डच नाही, अशी. नवीन प्रवेश घेतलेली मुले नेहमी याच दुसरीत सापडतात. गेल्या शनिवारी पहिलीत एक नाव आले. आम्ही 'दिवस' हा शब्द आधी आणि आकडा नंतर लिहिला होता. आकडा आधी असता तर विकीने तो वाचला असता. मुलगा चौदा दिवस आला नव्हता. रविवारी त्याच्या घरी जाऊन आलो.