दिवाळीनंतरचा पट

शाळेचा निकाल हातात आला की मी आधी सरासरी पाहत नाही, चाचणी कोणत्या तारखेला झाली ते पाहते. शालेय आकडेवारीचा अभ्यास हे माझे काम आहे आणि रायगडच्या आकड्यांनी मला ही सवय लावली. पेण तालुक्यातले वडखळ समोर ठेवले की तिचे कारण सांगता येते.

मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो ते वडखळ, एवढी ओळख बहुतेकांना असते. शाळेच्या बाजूने पाहिले तर इथे रस्त्यांपेक्षा बरेच काही एकमेकांना मिळते. खाडीकडे खारेपाट आहे, उधाणापासून बांध राखत भातशेती आणि मासेमारी करणारी आगरी गावे आहेत. डोंगराकडे कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना. आधी इस्पातचा, २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने घेतलेला. असा कारखाना असला की ठेकेदारांकडे कामाला परप्रांतातून कुटुंबे येतातच. पक्की नोकरी असलेल्यांची मुले बहुधा इंग्रजी माध्यमाकडे जातात. मागे राहतात त्यांच्यावर जिल्हा परिषदेची सहावी ते आठवी चालते. त्यामुळे अशा शाळेची सरासरी घसरली तर मास्तर शिकवत नाहीत, असा निष्कर्ष मी काढत नाही. वर्गात बसणारी मुलेच बदललेली असू शकतात.

हे गणित करून पाहावे. दोन शाळा कल्पू, प्रत्येकी १०० मुलांच्या. पहिलीत ९० मुले शिकलेल्या घरांतली, त्यांची सरासरी ७०. दहा मुले स्थलांतरित कुटुंबांतली, त्यांची ३०. शाळेची सरासरी ६६. दुसरीत शिकलेल्या घरांतली ४० मुले, सरासरी ७४. स्थलांतरित ६०, सरासरी ४०. दोन्ही प्रकारची मुले दुसऱ्या शाळेत अधिक शिकली, तरी तिची सरासरी ५४ च्याही खाली राहते. क्रमवारीत ती मागे आणि शिक्षकांच्या बैठकीत तीच उभी केली जाते. मला हा उघड अन्याय वाटतो.

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हाही गुणांत शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हाच प्रश्न होता. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घराच्या परिस्थितीशी अधिक जुळतो, असे त्यांना आढळले. त्या अहवालाचा आधार घेऊन ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असे म्हणणारे निघाले. मला ते मुळीच मान्य नाही. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातल्या मुलाला शाळेवाचून दुसरे काय आहे?

आता तारखेकडे येते. शाळांची माहिती यू-डायसमध्ये भरताना वर्षानुवर्षे ३० सप्टेंबरचा पट धरला गेला. संचमान्यतेत शिक्षकांची पदे ठरतात तीही याच पटावर. सप्टेंबरात भात शेतात उभे असते, वाडीतली माणसे वाडीत असतात आणि मुले शाळेत. दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटू लागतात. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह निघतात. कोणी रायगड-ठाण्याच्या भट्ट्यांवर, कोणी कोळसा पाडायला लांब कर्नाटकापर्यंत. पावसाच्या तोंडावर परततात.

मुले काय शिकली हे तपासणारी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे कधी झाली? १३ नोव्हेंबर २०१७ ला. मग १२ नोव्हेंबर २०२१ ला. नंतरचे ‘परख’ ४ डिसेंबर २०२४ ला. तिन्ही दिवाळीनंतर. या चाचण्यांत त्या दिवशी वर्गात हजर असलेल्या मुलांमधून नमुना निवडतात. म्हणजे ३० सप्टेंबरला जी मुलगी पटावर मोजली गेली, जिच्यामुळे शाळेचे एक पद कदाचित टिकले, ती काय शिकली हे मोजायची वेळ आली तेव्हा भट्टीवर होती. चाचणीच्या लेखी ती नव्हतीच. अशा शाळेचा निकाल खऱ्याहून बरा दिसतो, आणि तो पाहून कोणी मदतीला येत नाही. ‘असर’ या सर्वेक्षणाची माणसे घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावतात, ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, पण कुलूप लागलेल्या झोपडीत तीही काही करू शकत नाही.

आकड्यांच्या रकान्यांतही ही मुले हरवतात. कातकरी, ठाकर, महादेव कोळी सगळे ‘अनुसूचित जमाती’ या एकाच रकान्यात येतात. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांसोबत कातकरी आहेत. नोकरदार बापाचा मुलगा आणि भट्टीवर विटा उलथणारी मुलगी एकाच रकान्यात मोजली, की दोघांचीही खरी स्थिती कळत नाही. घरी कातकरी बोली बोलणाऱ्या मुलीची गणितातली चूक ही गणिताची की प्रश्न न उमगल्याची, हे तर गुणपत्रिकेत कुठेच नसते.

उपाय कोणी शोधलेच नाहीत असे नाही. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड आणले. कार्ड चांगले आहे, पण भट्टीपासून शाळा लांब असली आणि धाकट्या भावंडाला सांभाळायचे असले तर ते पत्र्याच्या पेटीत राहते.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. प्रत्येक मुलाच्या गुणांशेजारी त्या वर्षी ते किती महिने शाळेत होते, हे लिहा. शाळेची शाळेशी तुलना करण्याआधी जुलैतल्या मुलाची त्याच मुलाच्या पुढच्या जुलैशी तुलना करा. महाराष्ट्रात ‘सरल’ या संगणकीय नोंदप्रणालीमुळे प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद आहेच, नवी यंत्रणा उभारायला नको. आणि कमी महिने मिळूनही ज्या शाळेत मुलाची भाषा, गणित पुढे सरकले, तिचे नाव शिक्षकांच्या बैठकीत आधी घ्या.

राज्याच्या शिक्षण हक्क नियमांत २०२३ मध्ये झालेल्या बदलानंतर हे तातडीचे झाले आहे. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाले तर पुनर्परीक्षा, तिथेही जमले नाही तर त्याच वर्गात. वार्षिक परीक्षा उन्हाळ्यात येते, तेव्हा भट्टी जोरात असते. वाडीतली आठवीची मुलगी परतते ती थेट पुनर्परीक्षेच्या तोंडावर, सहा महिन्यांत वहीला हात न लावता. पुनर्परीक्षेआधी पूरक मार्गदर्शन द्यावे असे नियमच सांगतो. मग वाडीत माणसे परतली की त्याच आठवड्यात ते वर्ग वाडीवरच सुरू करावेत, आणि परीक्षेची तारीख तालुक्याच्या सोयीने न ठरवता ते वर्ग पुरे झाल्यावर ठरवावी.