जंगली झाडाला खत कशाला?

ऐन, खैर, मोह, कळंब यांच्या रोपांना शेणखत घालणं म्हणजे फाजील लाड, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. तलासरीच्या माळावर खैर वाढतो तो कुणी खत घातलं म्हणून नाही. रोप लहानपणापासून काटक व्हावं, म्हणून पिशवीत लाल माती आणि थोडी रेती, बस्स. आज मी तसं म्हणत नाही.

हे मत बदललं ते उन्हाळ्यातल्या पिशव्या पाहून. डहाणूत पाऊस जून ते सप्टेंबर कोसळतो, मग आठ महिने कोरडे. मोहाचं बी पावसाच्या तोंडावर पडतं आणि ताजंच पेरावं लागतं. साठवलं की उगवण जाते. म्हणजे ते रोप पुढच्या पावसात लावायचं तर अख्खा उन्हाळा पिशवीत काढणार. मे महिन्यात नुसत्या लाल मातीची पिशवी विटेसारखी घट्ट होते. झारीचं पाणी कडेकडेनं खाली निसटतं, मधला गड्डा कोरडाच राहतो. फाडून पाहिली तर तंतुमुळं नावाला. शेजारची, चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत घातलेली पिशवी फाडावी, तर माती भुसभुशीत, ओलसर आणि पांढऱ्या मुळांनी धरून ठेवलेली. जंगलात झाडाखाली पाला कुजत असतो, गुरांचं शेण पडत असतं. पिशवीतल्या रोपाला त्यातलं काहीच मिळत नाही, ते आपणच द्यायला हवं.

पण खत कुजलेलंच हवं. ताज्या शेणानं कोवळी मुळं करपतात. वाळवी, हुमणी आणि गवताचं बी फुकट येतं. शेणात पाला मिसळून ढीग ओलसर ठेवला, अधूनमधून उलथला, की आत 55-60 अंशांपर्यंत तापतो आणि बरंचसं तणाचं बी मरतं. तीन-चार महिन्यांनी मुठीत दाबावं: हाताला चिकटत नाही, वास मातीचा येतो. गुरं कमी असतील त्यांनी पुसदच्या नाडेप काकांची, म्हणजे ना. दे. पांढरीपांडे यांची रीत पाहावी. विटांच्या हवेशीर टाक्यात थोड्या शेणावर पुष्कळ पालापाचोळा कुजतो.

जुन्या मतातलं एक मात्र मी सोडलेलं नाही. खताचा मारा नको. शेंडा लुसलुशीत वाढतो आणि मुरमाड उतारावर ऑक्टोबरच्या उन्हात मान टाकतो. त्यापेक्षा खैराच्या पिशवीत मोठ्या खैराखालची ओंजळभर माती मिसळावी. मुळांवर गाठी धरणारे जिवाणू तिच्यातून येतात.

आपल्याकडे शेण मुख्यतः भाताच्या राबात जातं. पाला, गवत, फांद्या आणि शेण अंथरून भाजलं की तण मरतं, भाताचं रोप सहज उपटतं. ही रीत उगाच पडलेली नाही. राबासाठी फांद्या तोडण्याचा प्रश्न ठाणे जिल्ह्यात इतका पेटला होता की 1880च्या दशकात इंग्रज सरकारनं वनआयोग नेमला. तरी भाजलेल्या शेणातला नत्र आणि सेंद्रिय भाग हवेत जातो, हे खरंच.

बुलेट ट्रेनचा मार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग डहाणू आणि तलासरी या आपल्या दोन्ही तालुक्यांतून जातात. तुटलेल्या झाडांच्या बदल्यात गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ नको असेल, तर ऐन-मोहाची दणकट रोपं इथेच तयार हवीत. म्हणून ज्यांच्या गोठ्यात गुरं आहेत त्यांना विनंती: दिवाळीनंतर राबासाठी शेण साठवाल, तेव्हा चार पाट्या वेगळ्या काढून कुजवायला घाला.