उसनी पुस्तकं

माझ्या कपाटात तीन पुस्तकं अशी आहेत, की ज्यांच्या पहिल्या पानावर माझं नाव नाही. एकावर सिनेमाच्या सेटवर स्टिल्स काढणाऱ्या एका फोटोग्राफरची सही आहे. दुसऱ्यावर डोंबिवलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेचा जांभळा शिक्का आहे. ती संस्था आता बंद आहे. तिसऱ्यावर न्यू जर्सीच्या मावसबहिणीने पेन्सिलीने लिहिलंय, ‘वाचून परत कर.’ कुणीच परत मागितलं नाही, आणि मीही ‘हवं का’ असं कधी विचारलं नाही, कारण उत्तर ‘हो’ आलं असतं तर पंचाईत झाली असती.

नव्वदच्या दशकात मी मालिकांच्या सेटवर सहायक म्हणून उमेदवारी करत होते. नव्या सहायकाच्या गळ्यात कंटिन्युइटी पडायची. नायिकेचा पदर कुठल्या खांद्यावर होता, टिकली कुठली, चहाचा कप भरलेला की अर्धा, हे सगळं वहीत टिपायचं. पण खरी मदार पोलरॉइडवर. एका पॅकमध्ये दहा फोटो. पॅक महाग, त्यामुळे प्रॉडक्शन मॅनेजर प्रत्येक फोटोचा हिशेब मागे. फोटो बाहेर आला की मी तो जोरजोरात हलवायची. सगळेच हलवत.

‘पोरी, वारा कुणाला घालतेस?’ स्टिल्सवाले काका म्हणाले. ‘आत चाललंय ते आत चालू दे.’

मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला त्या पांढऱ्या चौकटीत काय चालतं ते सांगितलं. आधीच्या पोलरॉइडमध्ये वरचा कागद सोलून काढावा लागे, खालचा फोटो ओलसर असे, म्हणून लोक तो हवेत हलवून वाळवत. १९७२ साली एसएक्स-७० कॅमेरा आला आणि सगळं काम बंद थरांमध्ये होऊ लागलं. फोटो दोन रुळांमधून दाबून बाहेर येतो, खालच्या रुंद पट्टीतली रसायनाची पिशवी फुटते आणि रसायन थरांमध्ये पसरतं. त्यातच प्रकाश अडवणारं द्रव्य असतं, म्हणून भर उन्हात हातावर धरलं तरी चित्र आतल्या आत तयार होतं. वाळायला तिथे काही नाहीच. तरी सवय राहिली.

काकांनी दिलेलं पुस्तक म्हणजे अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचं ‘पोलरॉइड लँड फोटोग्राफी’, १९७८ची आवृत्ती, फोर्टातल्या फुटपाथवरून घेतलेली. अ‍ॅडम्स म्हणजे भल्यामोठ्या कॅमेऱ्याने योसेमिटीचे कडे टिपणारा आणि डार्करूममध्ये एकेका प्रिंटसाठी जीव टाकणारा माणूस. त्याने झटपट फोटोला नाक मुरडलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. पण तो चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून पोलरॉइडचा सल्लागार होता आणि तिथल्याच एल कॅपिटन कड्याचा बर्फातला पहाटेचा फोटो त्याने १९६८ साली पोलरॉइडच्याच फिल्मवर काढला. पुस्तक रूक्ष आहे. तक्ते, तापमानं, सेकंद. मला त्यातलं निम्मं आजही कळत नाही. जे कळलं ते मात्र पक्कं बसलं: या कॅमेऱ्यात काढलेलं चित्र आणि ज्याचं काढलं ती वस्तू, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. साध्या फिल्मचा रोल धुऊन येईपर्यंत ऊन सरकलेलं, माणूस घरी गेलेला. इथे माणूस अजून समोरच बसलाय. चित्र हातात धर, त्याच्याकडे बघ, काय निसटलं ते शोध, पुन्हा काढ. पोलरॉइडच्या एडविन लँडने १९४७ साली हे तंत्र जाहीरपणे दाखवलं, तेव्हापासून त्याचा भर याच गोष्टीवर होता. लोकांनी मात्र त्यातली गंमत तेवढी उचलली.

काका स्वतः छायाचित्रकार आंद्रे केर्तेसचे भक्त. केर्तेसची बायको १९७७ साली गेली. त्यानंतर ऐंशीच्या घरातला हा म्हातारा न्यूयॉर्कमधल्या आपल्या खिडकीत काचेचा एक छोटा अर्धपुतळा ठेवून एसएक्स-७०ने त्याचे फोटो काढत राहिला, कारण त्या काचेच्या मानेत आणि खांद्यात त्याला बायको दिसे. हे सांगताना काका नेहमी शेवटी म्हणत, ‘आणि आम्ही इथे टिकल्या मोजतोय.’

शिक्का असलेलं पुस्तक ‘अभिनय साधना’. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचा अभिनयावरचा ग्रंथ मराठीत आणला तो के. नारायण काळे यांनी, १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक करणाऱ्या नाट्यमन्वंतर संस्थेतले काळे. आमच्या संस्थेच्या दिग्दर्शिकेला आम्ही बाई म्हणायचो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून चालत. मला एका प्रवेशात रडायचं होतं आणि मी मनापासून रडत होते. बाईंनी तालीम थांबवली नाही, टीकाही केली नाही. संपल्यावर पुस्तक हातात ठेवलं. ‘पिनचं वाच.’

पिनची गोष्ट नाटकवाल्यांना पाठ असते. गुरू एका विद्यार्थिनीला सांगतात, पडद्यात तुझ्यासाठी एक मौल्यवान पिन लावून ठेवली आहे, ती शोध. ती रंगमंचावर धावते, पडद्याच्या चुण्या धरते, छाती पिटते, आणि खूश होऊन परत येते. ‘पिन कुठे आहे?’ ते विचारतात. पिन तर ती विसरूनच गेलेली! मग ते सांगतात, पिन मिळाली नाही तर वर्ग सोडावा लागेल. आता ती एकेक चुणी सावकाश उलगडते, चेहरा आपोआप बदलतो, बघणारे श्वास रोखतात. तिला मात्र वाटतं, या वेळी आपण काही केलंच नाही.

मी बाईंना विचारलं, ‘मग मी शोधू काय?’

‘रुमाल शोध,’ बाई म्हणाल्या. ‘पर्समध्ये आहे. सापडू नये एवढीच काळजी घे.’

बाईंच्याच कपाटातून पुढे डॉ. श्रीराम लागूंचं ‘वाचिक अभिनय’ही वाचलं. कान-नाक-घशाच्या सर्जनने आवाजावर लिहिलेलं पुस्तक. वाक्याचा अर्थ पोहोचवायचा तर जोर कुठे द्यावा, श्वास कुठे घ्यावा, याचा विचार त्याच्याइतका दुसरा कोण करणार? ते मात्र मी परत केलं.

मावसबहिणीचं पुस्तक अ‍ॅन लॅमटचं ‘बर्ड बाय बर्ड’, १९९४चं. लेखनकलेवरच्या पुस्तकांबद्दल आपल्याकडे जरा संशयच असतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. बहुतेक पुस्तकं लिहिण्यापेक्षा लिहिणाऱ्याला थोपटण्यात रमतात. लॅमटही थोपटते, पण तिला विनोदबुद्धी आहे. तिच्या टेबलावर इंचभराची रिकामी फोटोफ्रेम असते. त्या दिवशी त्या चौकटीत मावेल एवढंच लिहायचं, असा तिचा नियम. आणि त्या पुस्तकात चक्क पोलरॉइडवर एक प्रकरण निघालं! ती स्पेशल ऑलिंपिक्सवर लेख लिहायला जाते, कुबड्यांवर शर्यत पूर्ण करणाऱ्या मुलीकडे बघत राहते, आणि लेख कशाबद्दल आहे हे तिला आधी माहीतच नसतं. पहिला खर्डा म्हणजे नुकता बाहेर आलेला पोलरॉइड, असं ती म्हणते.

अ‍ॅडम्सचं आणि तिचं पटलं नसतं असं मला वाटतं. तो म्हणतो, पडताळून बघ. ती म्हणते, थांब, अजून उमटलेलं नाही. लिहिताना मला दोघेही लागतात. पण पडताळायचं कशाशी, हा लेखनातला खरा पेच. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस बहुधा उठून गेलेला असतो.

काका गेले तेव्हा एका दिवाळी अंकाने त्यांच्यावर लेख मागितला. पहिल्या खर्ड्यात ते ऋषितुल्य झाले होते. निगर्वी, प्रसिद्धीपराङ्मुख, कलेचे उपासक. मी छाती पिटत होते. पिनचा पत्ता नव्हता. खर्डा बाजूला ठेवला आणि फक्त हात आठवायला बसले: लेन्स पुसायला मलमलीचा जुना तुकडा, तो घडी घालून शर्टाच्या डाव्या खिशात, बोटांची नखं डार्करूममधल्या रसायनांनी पिवळी. त्यातून हळूहळू टिकल्या आल्या, केर्तेस आला, वारा घालणारी मी आले. ऋषी कुठल्या तरी परिच्छेदात आपोआप गळाले.

अंक घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून लेख तिथल्या तिथे पूर्ण वाचला, मध्ये दोनदा भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘खिसा उजवा गं. आणि फ्रिजचं कसं नाही लिहिलंस? भाजीच्या कप्प्यात ती पोलरॉइडची पाकिटं आणि माझी कोथिंबीर बाहेर, ओट्यावर. पंचवीस वर्षं!’