घरसभेची पट्टी

घरसभेत गाणं उचलताना मी पेटीवर काळी एकच्या वर जात नाही. तयार गळ्यांना ते मिळमिळीत वाटतं. पण या पट्टीत म्हाताऱ्या बायकांचा, एमआयडीसीतून पाळी संपवून आलेल्याचा, बदलीवर आलेल्या नर्सबाईंचा, सगळ्यांचा आवाज पोचतो. रविवारच्या उपासनेत गायनमंडळ आहेच. घरसभेत मंडळीनं गायचं असतं.

रत्नागिरीतली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. बरेच जण घाटावरचे, नगर-कोल्हापूरकडून नोकरीसाठी उतरलेले. जरा ओळख मुरते तोच बदलीचा कागद येतो. म्हणजे इथे मंडळी सारखी नव्यानं बांधावी लागते. पाळकसाहेबांचा उपदेश मोलाचाच. पण नवा माणूस दुसऱ्याच्या घरी चटईवर बसला की खरा शिकू लागतो, असं माझं मत आहे. म्हणून दर आठवड्याला घर बदलायचं आणि चहाखेरीज काही ठेवायचं नाही, या दोन गोष्टींवर मी हटून बसतो. एका घरी शिरा झाला की पुढच्या घरी शिरा आणि सामोसे होतात, आणि तिसरं घर म्हणतं, ‘‘आमच्याकडे जागा लहान आहे हो.’’ जागेचं काही नसतं, शिऱ्याचं असतं.

धृपद दोनदा म्हणून मी थांबतो. कडवं त्या घरातल्या कुणीतरी उचलायचं. कुणी उचलत नाही, सगळे पुस्तकात बघत राहतात. अशा वेळी आपण न गाणं हीच या कामातली अवघड गोष्ट. पाठ वाचून झाल्यावरही अर्थ सांगायची घाई करत नाही. वाचणाऱ्यालाच विचारतो, यातलं काय अडलं? अडलेलं वचन घेऊन माणूस आठवडाभर फिरतो, समजलेलं बहुधा जिन्यातच विसरतो.

आषाढात वीज गेली की ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक मिटून ठेवावं लागतं. तेव्हा तोंडात येतात ती बहुतेक नारायण वामन टिळकांची पदं. टिळक 1861 साली याच जिल्ह्यात करजगावला जन्मले. बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत, आणि पुढचं बरंचसं काम नगरला. त्यामुळे ते कुणाचे, यावर आमच्या नगरकरांशी माझा वाद चहा निवेपर्यंत चालतो. कोकणात स्कॉटिश मिशन 1823 मध्येच बाणकोटला आलं होतं. ख्रिस्ती कीर्तनही टिळकांच्या आधी नगरकडे होत असे. पण अभंग आपल्या उपासनेत शोभतो, हा भरवसा मंडळीला टिळकांनी दिला.

मला मात्र कवी टिळकांहून 1917 चे टिळक जास्त विचारात पाडतात. नगरच्या मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचे शिष्य, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, एकाच बैठकीत. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार रुजायचा राहिला. आमच्या एका घरसभेत शेजारचे काका दाराशी बसून झांज धरतात. त्यांच्या वाडीतल्या भजनात ते बुवांच्या मागे असतात, त्यामुळे लयीला आमच्यापेक्षा पक्के. पाठ सुरू झाला तरी उठत नाहीत. त्यांना मी काही विचारत नाही, आणि मंडळीच्या वहीत त्यांचं नाव कुठे लिहायचं हेही मला माहीत नाही. टिळकांना या प्रश्नाचं उत्तर सुचलं होतं. ते चालवून बघण्याचं धाडस आपण फारसं केलं नाही, असं मला वाटतं.

सध्या तरुण संघातली एक मुलगी सभा चालवायला शिकते आहे. तिला गिटार हवी. माझा गिटारला विरोध नाही, गिटारवाल्याला आहे. तो डोळे मिटून वाजवतो आणि कोण गायचं थांबलं हे त्याला दिसत नाही. पुढची सभा मिऱ्याला. पेटी मी नेणार नाही, असं तिला सांगितलंय. पट्टी तिनं ठरवायची.