लूत नव्हे

पावसाळ्यात आमच्या मोत्याच्या पोटावर पुवाच्या बारीक पुळ्या उठतात. त्या फुटल्या की कडेने खपलीचे कडे उरते. पाहणारा म्हणतो, ‘लूत! हाकला त्याला.’ पण लूत सूक्ष्म किड्यांची. हे दुखणे जंतूंचे. पशुवैद्यांनी स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला : स्टॅफिलोकॉकस. निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही तो निमूट वसतो; पिसवांच्या खाजेने कातडी सोलवटली की डोके वर काढतो. उपाय : क्लोरहेक्झिडिनचा शाम्पू, आठवड्यातून 2-3 वेळा, फेस 10 मिनिटे अंगावर राखून (मोत्याला ती तपश्चर्याच!), आणि पिसवांचा बंदोबस्त. रोग खोल गेल्यास प्रतिजैविकाच्या गोळ्या, वैद्य सांगतील तितके दिवस. शेजारच्या आजी मात्र अजून भाकरी कुंपणापलीकडूनच टाकतात.