कंसातलं कॉलेज

विद्यापीठाच्या क्रिकेट संघाची यादी जिमखान्याच्या फळ्यावर लागली की आमची नजर आधी नावापुढच्या कंसाकडे जायची. कंसात कॉलेजचं नाव असे. सत्तरच्या दशकात सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर अशा मोठ्या मुलखातल्या कॉलेजांतून एकच संघ निघायचा. कार्बन लावून टाइप केलेली, तिसऱ्या-चौथ्या प्रतीची फिकट निळी यादी. वर नावं, खाली एक रेघ, रेघेखाली ‘राखीव’. त्यात आपल्या गावाचे कंस किती, ते मोजूनच आम्ही पुढे वाचत असू. संध्याकाळपर्यंत पार्क चौकात चहाच्या टपरीवर बातमी पोचलेली असायची : ‘‘औंदा आपले तिघं हैत बे.’’ दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात चार ओळी येत. ती कात्रणं कित्येक घरांत अजून जपून ठेवलेली आहेत.

कॉलेजं वेगळी, संघ एक, आणि तो निवडताना कोणत्या गावाकडे कोणाचं लक्ष गेलं यावरून उठणारा गलका, हे सगळं पुढे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सुरुवातीच्या इतिहासात वाचायला मिळालं तेव्हा मला तो इतिहास परका वाटलाच नाही. १८८९ साली कॅस्पर व्हिटनी या पत्रकाराने देशभरातल्या कॉलेज खेळाडूंमधून पहिला ‘ऑल-अमेरिका’ संघ छापला. पुढे या निवडीशी वॉल्टर कॅम्प यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. संघ कागदावरचाच, तो मैदानात एकत्र उतरणार नव्हता. पण त्या पहिल्या यादीतले अकराच्या अकरा खेळाडू हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तीनच कॉलेजांचे होते. नाव अख्ख्या देशाचं आणि खेळाडू ईशान्येच्या एका कोपऱ्यातले. पश्चिमेकडच्या शिकागोचा क्लॅरेन्स हर्शबर्गर कॅम्प यांच्या मुख्य संघात आला तो थेट १८९८ साली. त्याच सुमारास पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लोकांनी आपापले ‘ऑल-वेस्टर्न’, ‘ऑल-सदर्न’ संघ छापायला सुरुवात केली होती. कोणी आपल्याकडे बघायला येत नाही म्हटल्यावर त्यांनी आपली यादी आपण केली. पुण्या-मुंबईकडे पाहत वाढलेल्या सोलापूरकराला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

आमच्याकडे चाचणीला जायचं म्हणजे कोल्हापूर. एस.टी.ने मंगळवेढा, सांगोला, मिरज असा दिवसभराचा रस्ता. कोणाला हौस असेल तर कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने मिरजेपर्यंत. ती गाडी पंढरपूर, सांगोला करत इतकी निवांत जायची की डब्यात बसल्या बसल्या बॅटला तेल लावून व्हायचं. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, कारण ती दोन-तीन दिवस टिकते. कोणाच्याही आईने यापेक्षा वेगळं काही बांधून दिल्याचं मला आठवत नाही. आमच्या डब्यात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषा चालत. एखादा पद्मशाली पोरगा भावाला तेलुगूत हाक मारून लगेच आमच्याशी ‘काय बे’ करायचा. कोल्हापुरात पाय ठेवला की त्या ‘बे’वरून सगळ्यांना कळे, सोलापूरचे आले.

खरी परीक्षा मात्र खेळपट्टीची असे. आम्ही वाढलो मॅटवर. पार्क मैदानाच्या कडक जमिनीवर सकाळी काथ्याची मॅट अंथरायची, दोघांनी दोन्ही टोकांनी ताणायची आणि तिसऱ्याने हातोडीने खिळे ठोकायचे. मॅट सैल राहिली तर चेंडू कुठेही वळेल, ताणून बसली तर थेट छातीवर येईल. त्यामुळे सोलापूरचा फलंदाज मागच्या पायावर पक्का. कट आणि हुक त्याला उपजत येत. चाचणीच्या टर्फवर, म्हणजे गवताच्या खेळपट्टीवर, चेंडू खाली राहतो आणि जरा थांबून येतो. तिथे आमचे भले भले पहिल्या चार चेंडूंत पायचीत होत. पंधरा मिनिटांच्या नेटमध्ये हा फरक अंगवळणी पडायचा तरी कसा? जुन्या निवड चाचण्यांचा हा दोष कुठल्याही एका विद्यापीठाचा नव्हता, पद्धतच तशी होती. जे दिसेल ते, दिसेल तेवढ्यात पाहायचं आणि ठरवायचं. तरीही तिथे एक गोष्ट घडे, आणि तिचं मोल मला आज जास्त वाटतं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात ज्या सांगलीच्या गोलंदाजाने तुमची दांडी उडवली, त्याच्याच शेजारी तुम्ही त्या यादीत असायचात, आणि पुढचा महिनाभर एकाच खोलीत राहून एकाच ताटात जेवायचात.

सोलापूरपुरतं बोलायचं तर या कथेतला सगळ्यात मोठा माणूस आमच्याही आधीचा. पहलन उर्फ पॉली उम्रीगर. जन्म सोलापूरचा, २८ मार्च १९२६. वडील कापडधंद्यातले. शाळकरी वयात कुटुंब मुंबईला गेलं. १९४४ साली, अठराव्या वर्षी, ते पंचरंगी सामन्यांत पारशी संघाकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. त्या स्पर्धेत संघ धर्मावर निवडले जात : हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘शेष’. मुंबईत त्याला तुफान गर्दी होई, पण १९४० सालीच गांधीजींनी त्याबद्दल नापसंती दाखवली होती. १९४६ साली ती स्पर्धा बंद झाली आणि ते योग्यच झालं.

उम्रीगर मुंबई विद्यापीठाचेही कर्णधार होते. १९४८ च्या ऑक्टोबरात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला तेव्हा त्याच्याशी एक सामना होता संयुक्त विद्यापीठांचा, म्हणजे देशभरच्या कॉलेजांतून निवडलेल्या मुलांचा. कसोटी खेळणाऱ्या पाहुण्यांसमोर ही पोरं. उम्रीगरांनी त्या सामन्यात नाबाद ११५ धावा केल्या आणि दोन महिन्यांच्या आत त्याच वेस्ट इंडीजविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. चार वर्षांपूर्वी ज्या मुलाची निवड त्याच्या धर्माच्या संघात झाली होती, तो आता ज्या संघातून वर आला, त्यातल्या मुलांना जोडणारी एकच गोष्ट होती : सगळे कुठल्या ना कुठल्या कॉलेजात शिकत होते. माझ्या मते आपल्या क्रिकेटने घेतलेलं हे फार मोठं वळण आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ च्या फेब्रुवारीत. म्हणजे त्या ऑक्टोबरात सोलापूरचं १९४० साली निघालेलं दयानंद कॉलेजही मुंबई विद्यापीठाच्याच छत्राखाली होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ५९ कसोट्या, ३,६३१ धावा, १२ शतकं. न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला २२३, भारताचं पहिलं द्विशतक. १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनला ५६ आणि नाबाद १७२, शिवाय एका डावात पाच बळी. पण निवडीबद्दल बोलताना मला आठवतो तो १९५९ च्या जानेवारीतला मद्रासचा कसोटी सामना. कर्णधार उम्रीगरांना संघात मनोहर हर्डीकर हवे होते. क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांचा आग्रह जसू पटेलांसाठी. सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगरांनी कर्णधारपद सोडलं. त्याच वर्षाच्या शेवटी जसू पटेलांनी कानपूरला ऑस्ट्रेलियाचे एका डावात नऊ गडी बाद केले, तेव्हा गोलंदाज म्हणून ते कमी होते असं कोणी म्हणणार नाही. उम्रीगरांचा प्रश्न वेगळा होता : अकरा जण कोणी ठरवायचे? पुढे १९७८ ते १९८२ या काळात ते स्वतः राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. खेळाडू, कर्णधार आणि निवडकर्ता अशा तिन्ही बाजूंनी यादीकडे पाहिलेला हा सोलापूरचा माणूस. त्यांच्या नावाचा पुरस्कार आज भारताच्या वर्षातल्या सर्वोत्तम क्रिकेटपटूला मिळतो, तेव्हा पार्कवर सकाळी नेट लावणाऱ्या किती पोरांना ते या गावचे हे ठाऊक असतं? सांगायला हवं त्यांना.

मधल्या काळात विद्यापीठांचे विभागीय संघही झाले. विझी ट्रॉफीसाठी पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असे विद्यापीठांचे एकत्र संघ निवडले जाऊ लागले. आंतरविद्यापीठ सामन्यांचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासूनच होता. वाडेकर, गावसकर याच वाटेने वर गेले. कॉलेज, विद्यापीठ, विभाग, मग रणजी. पायऱ्या स्पष्ट होत्या. विद्यापीठाचा ब्लेझर घालून पोरगा नवी पेठेतून गेला की दुकानदार हाक मारून चहा पाजत.

आता सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ आहे. २००४ च्या १ ऑगस्टला ते सुरू झालं, २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव मिळालं. चाचणीला जायला दिवसभराची एस.टी. लागत नाही. पूर्वी इतक्या जिल्ह्यांच्या यादीत आम्ही दोन-तीन कंस शोधायचो, आता सगळेच कंस आपल्या जिल्ह्यातले. करमाळ्याच्या, सांगोल्याच्या, अक्कलकोटच्या पोरालाही विद्यापीठाची टोपी मिळते. आमच्या वेळी त्या तालुक्यांतून चाचणीपर्यंत पोचणंच अवघड होतं. पार्कवर टर्फ आहे. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्राचे रणजी सामने तिथे झाले आणि इतक्या वर्षांनी बघायला लोक आले. हे सगळं आमच्या काळापेक्षा चांगलं आहे, यात मला शंका नाही.

पण विद्यापीठाच्या यादीचं वजन कमी झालं आहे. चांगला खेळणारा पोरगा चौदाव्या, सोळाव्या वर्षीच वयोगटाच्या संघांत आणि पुण्याच्या अकादमीत जातो. कॉलेजला येईपर्यंत त्याचं भवितव्य बरंचसं ठरलेलं असतं. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग नव्याने सुरू झाली. सहा संघांपैकी एक होता ‘सोलापूर रॉयल्स’. आमच्या गल्लीत आनंद झाला. त्याच मोसमात सोलापूरच्याच अर्शीन कुलकर्णीने ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या, तेरा षटकारांसह. पण तो खेळत होता नाशिक टायटन्सकडून. सोलापूर रॉयल्सचा ‘आयकॉन’ होता विकी ओस्तवाल. गुणी गोलंदाज, पण सोलापूरचा नाही. खेळाडू लिलावातून आले, त्यात त्यांचा काही दोष नाही. पुढच्या वर्षी तर पुरुषांच्या लीगमधून सोलापूरचं नावच गेलं आणि ‘रायगड रॉयल्स’ असा संघ उतरला. २०२५ साली महिलांच्या लीगमध्ये ‘सोलापूर स्मॅशर्स’ आल्या, तेवढंच नाव पुन्हा दिसलं. जर्सीवर गावाचं नाव आहे आणि ते मैदानाबाहेरच्या एका व्यवहाराने बदलू शकतं, ही गोष्ट माझ्या पिढीला पटणं जड जातं. ‘आपले तिघं हैत’ असं म्हणायला त्यात जागा कुठे आहे?

याच्या उलट उदाहरण आहे किरण नवगिरे हिचं. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची शेतकऱ्याची मुलगी, अॅथलेटिक्समधून क्रिकेटकडे वळली. तिला मोठी संधी दिली ती नागालँडच्या संघाने. २०२२ साली अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच सप्टेंबरात ती इंग्लंडमध्ये भारताकडून खेळली. आमच्या यादीत मुलीचं नाव असण्याचा विषयच नव्हता. कॉलेजच्या मुली खो-खो खेळत, कबड्डी खेळत, आणि उत्तम खेळत. मॅट मात्र कोणी त्यांच्यासाठी अंथरली नाही. किरणच्या नावापुढे कंसात नागालँड लिहिलं गेलं याचं मला जराही वाईट वाटत नाही. ज्यांनी तिच्याकडे पाहिलं, कंस त्यांचा. हुरहुर आहे ती एवढीच की तो कंस आधी आपल्याला भरता आला नाही.

अर्शीनचं पुढे काय झालं तेही सांगतो. २०२४ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत एकोणीस वर्षांखालच्यांचा विश्वचषक होता. ब्लूमफाँटेनला भारताचा सामना अमेरिकेशी. अर्शीनने १०८ धावा केल्या. समोरच्या अमेरिकेच्या संघात बहुतेक नावं भारतीय घरांतली होती. त्या मुलांचे आईबाप कधीतरी इकडून तिकडे गेलेले. त्यांच्या नावापुढचा कंसही असाच बदललेला.

माझी एक मागणी आहे आणि ती मी भेटेल त्या क्रीडा संचालकाकडे करत असतो. पाहुणे संघ आता विद्यापीठांच्या संघाशी खेळत नाहीत, ते दिवस परत येणार नाहीत हे कळतं. पण सोलापूर, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या चार विद्यापीठांतून निवडलेला एक संघ दर डिसेंबरात महाराष्ट्राच्या रणजी संघाशी पार्कवर तीन दिवस खेळवायला काय हरकत आहे? टर्फ आहे, गॅलरी आहे, शहराला रणजीची चव पुन्हा लागली आहे. सामना ठेवायचा तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी ठेवावा, नाहीतर पार्कच्या आजूबाजूला गाडी लावायला जागा मिळायची नाही.